चीजला चाललेला हात

मी चोळलेला हुरडा काकूंनी सुपासकट उचलला आणि शेळ्यांपुढं ओतला. गरम होता. वाफ निघत होती. माझे तळहात अजून भाजत होते.

"तू चीजकडं बघ," काकू म्हणाल्या. "हुरड्याला हात लावू नको. पाव्हणे पुण्याचे असले तरी आपल्यातले हायेत."

आपल्यातले. म्हणजे काकूंच्या जातीचे. मी खालच्या वस्तीवरची.

काकू म्हणजे शेताची मालकीण. येडशीजवळच्या त्यांच्या शेतात त्या सकाळी हुरडा पार्टी होती. पाहुण्यांनी तीन प्रकारचं चीज आणलं होतं आणि त्यासोबत काय ठेवायचं हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मला बोलावलं. पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये मी चार वर्षं काढली होती. काकूंच्या सूनबाईंनी बिस्किटांचे पुडे आणून ठेवलेले. मी ते बाजूला सारले. उग्र वासाच्या निळ्या चीजशेजारी गूळ ठेवला. मऊ चीजला जवसाची चटणी आणि माझ्या आईची कडक भाकरी, मोडून. पिवळ्या चीजला पेरूच्या फोडी आणि बोरं. एवढं झालं तरी ताट आपलं वाटेना. कोवळा हुरडा हवा होता. म्हणून आगटीच्या निखाऱ्यांत भाजलेली कणसं काढली आणि चोळली. एवढाच माझा गुन्हा.

चीज मी हातमोजे घालून कापलं होतं. ते चाललं. भाकरी डब्यातून आली होती, ती कुणी थापली हे काकूंनी विचारलंच नव्हतं. हुरडा मात्र उघड्या तळहातावर चोळावा लागतो. तिथं हात दिसतो. हातामागची जात दिसते.

मी "बरं काकू" म्हणाले. त्या 'बरं'ची मला आजही शरम वाटते. माझ्या आईनं उभी हयात याच शेतात कणसं खुडली आणि असंच 'बरं, बरं' म्हणत राहिली. खुडायला तिचा हात चालत होता.

पाहुणे जेवायला बसले. एका पाहुणीनं भाकरीच्या तुकड्यावर चीज लावून खाल्लं आणि डोळे मोठे केले.

"भाकरीसोबत चीज! कुणाला सुचलं हे?"

"आमच्या सूनबाईंना," काकू म्हणाल्या.

सूनबाई चटणीकडं बघत राहिल्या. मला एका जागी उभं राहवेना. विहिरीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. आज गप्प बसले तर जन्मभर गप्प बसेन, हे मला लख्ख कळलं. मी थेट ताटापाशी गेले.

"मला सुचलं," मी म्हणाले. "आणि भाकरी माझ्या आईनं थापलीय. खालच्या वस्तीवर. उघड्या हातानं."

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं हातातला तुकडा हळूच पत्रावळीखाली सरकवला. पाहुणी खात राहिली, पण मान खाली घालून. काकूंचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी उरलेली भाकरी डब्यात भरली, झाकण लावलं आणि येडशीपर्यंत चालत आले. मध्ये कुठं थांबले नाही.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला.

"अगं, पाव्हण्यांनी ताटाचं लई नाव काढलं. रविवारी दुसरे यायलेत. ये तू. तुझं नावबी सांगू. हुरडाबी चोळ. फकस्त हातमोजे घाल."

"हातमोजे घालून हुरडा चोळता येत न्हाय, काकू. फोलपट निघत न्हाय."

"मग चोळू नको. चीजचं तेवढं बघ."

"उघडा हात चालत असंल तर येते. न्हायतर चीजलाबी माझा हात मिळायचा न्हाय."

पलीकडं काकू गप्प झाल्या. मी फोन ठेवला.

आता कुणाच्याही पार्टीचं बोलावणं आलं की ताटात काय ठेवायचं ते नंतर. आधी मी जात सांगते आणि विचारते, माझा उघडा हात चालतो का? उत्तराला जरा जरी उशीर झाला, तरी मी जात नाही.