झुलेमाचा पायब्रेक

एल्व्हियो पाउतासोच्या शेडमधून भंगारात कधी काही जात नसे. पॅडलं फळ्यांच्या खोक्यात, छर्रे मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत, जुन्या चेनी भिंतीवरच्या खिळ्यांना लोंबत असत. चिविलकॉय गावात कुणाची सायकल कायमची थकली की लोक ती त्याच्या दारात आणून टेकवत आणि म्हणत, "हिचं काही होत असेल तर बघ." तो म्हणे, "ठेव तिथे." यापलीकडे बोलणं होत नसे.

मळणीयंत्रांच्या कारखान्यात त्याचा उभा जन्म लेथवर गेला. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने तिथली एक लहान, कुणालाच नको असलेली लेथ घरी आणली आणि सायकली दुरुस्त करायला लागला. कारखान्यात भाग जुळले नाहीत तर ते परत पाठवता येत. इथे जुळत नाहीत ते जुळवायचे असतात, आणि त्याला हे दुसरं काम जास्त आवडलं. माणूस तसा मुखदुर्बळ. काम मनासारखं चाललं की शीळ घाली, बिघडलं की गप्प होई. त्याच्या बायकोला, झुलेमाला, घरात बसल्या बसल्या शेडमधली हवा कळे.

झुलेमाची स्वतःची सायकल मात्र तीन हिवाळे आढ्याला टांगलेली होती.

नारिंगी रंगाची, लहान चाकांची, मधोमध बिजागरी असलेली घडीची सायकल. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली तेव्हा झुलेमाने घेतलेली. बस तिला दूरच्या वस्त्यांच्या फाट्यावर सोडायची. मग ती सायकल उलगडायची, इंजेक्शनं देत शेतघरं फिरायची आणि परतीच्या बसमध्ये घडी करून सीटखाली सरकवायची. निवृत्तीनंतर बस सुटली, पण इंजेक्शनं सुटली नाहीत. गावातल्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या सगळ्या म्हाताऱ्यांना झुलेमाच लागे. नव्या नर्सचा हात हलका नाही, असं त्यांचं एकमत होतं. हलक्या हाताच्या बाईला दुपारी दोन गोष्टी सांगताही येत, हे मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

मग बिजागरीपाशी दांडा चिरला. झुलेमा पायी फिरू लागली. तिसऱ्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजला, आणि रोसारिओ शहरातून मिर्ताचा फोन आला. मिर्ता त्यांची एकुलती मुलगी.

"आई, बस झालं आता. माझ्याकडे या दोघं. खोली रिकामी आहे."

"आणि इथले लोक?"

"इथले लोक तू नव्हतीस तेव्हाही जगत होते."

"तेव्हा ते तरुण होते," झुलेमा म्हणाली. पण गुडघा खरंच दुखत होता. शेवटी तिने कबूल केलं. वसंतात मिर्ता येईल तोवर रोजची फेरी नीट जमत असेल तर राहायचं, नाहीतर घर बंद करून रोसारिओला जायचं.

झुलेमाने फोन ठेवला तशी एल्व्हियोने खुर्ची मागे सरकवली. उठला, शेडमध्ये गेला आणि शिडी लावून सायकल खाली काढली.

तो हिवाळा त्याने शीळ घालत काढला. चिरलेला दांडा जोडून घेतला, बिजागरीसाठी लेथवर नवी जाड पिन कातली. पुढचा चिमटा एका उड्या मारायच्या सायकलीचा, पॅडलचे दांडे कुणाच्या तरी मुलीच्या सायकलीचे, सीट व्यायामाच्या यंत्राची, मऊ आणि रुंद. हलक्या ॲल्युमिनियमच्या दोन रिंगा मिळवल्या तर टायर बसेना. दोन्हींवर वीस इंचच लिहिलेलं, पण एक वीस दुसऱ्या विसापेक्षा बोटभर मोठं. आठवडाभर शेडमधून शीळ आली नाही. मग दुसरे टायर मिळाले आणि आली.

स्टेशनजवळ बासिलियोचं सायकलींचं दुकान होतं. दोघांत पैशांचा व्यवहार कधीच नव्हता, वस्तूला वस्तू. एल्व्हियोने त्याला झुलेमाच्या सायकलीचं जुनं मागचं हब, चाकाचा मधला तुंबा, दिलं आणि बदल्यात गिअरची चक्री, तिचं हब आणि हातब्रेकचे दोन जोड घेतले.

"हिच्यात आता मूळचं काय उरलंय रे?" बासिलियोने विचारलं.

"दांडा."

"तोही डाग दिलेला. म्हणजे मूळचा फक्त रंग."

"रंगही मी नवा मारलाय."

"मग झुलेमाताईंना सांभाळ बाबा. त्यांचा गुडघा बदलायचा तुला मोह व्हायचा."

ऑगस्ट संपता संपता, म्हणजे तिकडचा हिवाळा सरता सरता, सायकल तयार झाली. दोन्ही रिंगा एकसारख्या चकाकत होत्या. झुलेमाने अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, गिअर बदलून पाहिले आणि म्हणाली, "पिसासारखी झालीय रे, म्हाताऱ्या." एल्व्हियोने चिंधीला हात पुसले. हात स्वच्छच होते.

दुसऱ्या दिवशी ती फेरीवरून परतली तेव्हा तिच्या तळव्याला पट्टी होती. "दोन्या एर्मिंदाचं फाटक लागलं," ती म्हणाली. "गंजलंय मेलं." तिसऱ्या दिवशी ती उशिरा आली. मग रोजच उशीर होऊ लागला. रात्री ती गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसे, आणि मिर्ताचा फोन आला की पिशवी खुर्चीखाली सरकवी.

एल्व्हियोला वाटलं, गिअर जड जात असतील. त्याने चेनला तेल दिलं.

मग एका सकाळी दोन्या एर्मिंदा, म्हणजे एर्मिंदाबाई, स्वतःच नातीच्या सायकलीचं पंक्चर घेऊन आली. तिला रोज दुपारी झुलेमाचं इंजेक्शन असे.

"बायकोला सायकल दिलीस की बाबागाडी?" तिने विचारलं.

"का हो?"

"ढकलत फिरते बिचारी. काल म्हटलं, झुलेमा, निदान आत एखादं पोर तरी बसव, लोक विचारतील तरी नाव काय म्हणून."

"तुमचं फाटक गंजलंय म्हणे," एल्व्हियो म्हणाला.

"माझं? ईस्टरला रंगवलंय मी."

त्या दुपारी तो झोपला नाही. जेवणानंतर सगळं गाव खिडक्या ओढून आडवं होतं, रस्त्यावर कुत्रंही नसतं, आणि झुलेमा त्याच वेळी निघे, कारण तेव्हा सगळे घरी सापडतात. तो तिच्या बराच मागून चालत गेला. स्वतःच्याच बायकोच्या पाळतीवर निघाल्याची त्याला लाज वाटत होती. भर दुपारी कुणी पाहिलं असतं तर काय सांगणार होता?

ती सायकल हातात धरून चालत होती, उजवा पाय किंचित ओढत. लांब सरळ रस्ता आला तेव्हा ती चढून बसली. छान चालवत होती. चौक जवळ आला आणि तिचे पाय थांबले, उजवी टाच खाली दाबली गेली आणि पॅडल मागे फिरलं. एकदा, दोनदा, नुसतं गरगर. सायकल होती त्याच वेगाने पुढे गेली. झुलेमाने बूट जमिनीवर घासत कशीबशी ती पदपथाच्या कडेला आदळवली. मग उतरली, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा ढकलायला लागली.

एल्व्हियो लिंबाच्या झाडाआड उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर बासिलियोला दिलेलं ते जुनं हब आलं, ज्यात पॅडल उलटं दाबलं की चाक धरलं जाई. त्याने पिन मोजली होती, रिंग मोजली होती, सीटची उंची मोजली होती. ती टाच मोजायचं त्याला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने 'माते'साठी, नळीने ओढून प्यायच्या कडू चहासाठी, पाणी ठेवलं. पहिला पेला स्वतः प्यायला, दुसरा भरून तिला दिला.

"पडलीस कधी?"

तिने नळी तोंडातून काढली. "एर्मिंदाची जीभ चालली वाटतं."

"मी पाहिलं आज."

तिने पेला गुडघ्यावर टेकवला. "हातात ब्रेक आहे हे मला ठाऊक आहे रे. पायाला ठाऊक नाही. त्याला सांगेपर्यंत चौक निघून जातो."

"आधी का नाही बोललीस?"

"सबंध हिवाळा शीळ घालत होतास. म्हटलं, शिकेन हळूहळू."

"मिर्ता पंधरवड्यात येतेय."

"म्हणून तर ढकलतेय. फेरी चुकवली नाहीये एकही." तिने पेला परत केला. "उलट तुलाच बोलणार होते. त्या गिअरचं इतकं मनावर घेऊ नकोस. इथे चढ आहे कुठे? रेल्वेचा पूल. त्यावर कुठला पेशंट राहतो?"

सकाळी तो बासिलियोकडे गेला. जुनं हब एव्हाना एका बेकरीवाल्याच्या तीनचाकीत बसून रोज पाव वाहत होतं. बासिलियोने कोपऱ्यातून दुसरं काढलं, एका मोडक्या सायकलीचं अख्खं मागचं चाक, पायब्रेकसकट, लोखंडी, काळपट.

"हब एकटं काढून तुझ्या रिंगेत आऱ्यांनी विण की."

"आऱ्यांची भोकं जुळत नाहीत. मोजली मी."

"मग हे असंच लावणार? पुढे चांदी आणि मागे तवा? आणि गिअर?"

"गिअर तू ठेव."

"विचार कर. पुन्हा मागायला आलास तर देणार नाही."

"ठेव म्हटलं ना."

त्याला ते चाक बसवताना खरोखर त्रास झाला. लोखंडी रिंग घासूनही तिचं काळेपण गेलं नाही. इतकी वर्षं विजोड वस्तू जुळवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा विजोडपणा उघडा ठेवावा लागत होता, आणि तोही घरच्या सायकलीवर. मागची चक्री मात्र त्याने लेथवर आतून कातून मोठी बसवली, म्हणजे वाऱ्यातही गुडघ्यावर जोर येऊ नये. वेग गेला. तो तिने मागितलाच नव्हता. पुढचा हातब्रेक राहू दिला. शीळ घातली नाही, पण गप्पही नव्हता. चाकाला पुटपुटत शिव्या देत होता.

झुलेमाने सायकल पाहिली. "मागचं चाक असं का दिसतंय?"

"असंच दिसणार ते."

ती बसली आणि रस्त्याला लागली. कोपऱ्यावर टाच दाबली, आणि सायकल उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही, वळण घेतलं आणि तशीच पेशंटांकडे गेली.

मिर्ता आली ती भर दुपारी. बॅग ओसरीत ठेवून तिने विचारलं, "आई झोपलीय?"

"फेरीवर आहे."

"या उन्हात? गुडघा घेऊन?"

"बस. पाणी ठेवतो."

"बाबा, मी खोलीला रंग दिलाय. पडदे लावलेत."

"चांगलं केलंस. सुट्टीत येऊ आम्ही," एल्व्हियो म्हणाला आणि किटली भरायला आत गेला.

मिर्ता दारातच उभी राहिली. थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाला नारिंगी ठिपका दिसला. झुलेमा सावकाश येत होती. डावा हात हँडलवर, तोही जेमतेम, कारण त्याच मुठीत तिने औषधांच्या पिशवीचे बंद धरले होते. उजव्या हातात छातीशी कवटाळलेली अंड्यांची टोपली. गल्लीतून एकदम एक ट्रक मागे येत बाहेर निघाला. मिर्ता "आई" म्हणेपर्यंत झुलेमाची टाच खाली गेली होती. सायकल जागच्या जागी थांबली. ट्रकवाल्याने हात वर करून माफी मागितली. तिने मान हलवली, ट्रक जाऊ दिला आणि पुन्हा निघाली.

फाटकाशी उतरून तिने आधी टोपली लेकीच्या हातात दिली, मग तिच्या गालाचा मुका घेतला.

"धर नीट. कोलोम्बोंकडची आहेत, ताजी. उद्या त्यांचं इंजेक्शन सकाळीच आहे. येतेस माझ्याबरोबर?"

मिर्ताने टोपलीत पाहिलं. एकही अंडं फुटलं नव्हतं.

"मी कशावर येऊ?" ती म्हणाली.

एव्हाना शेडमध्ये गेलेल्या एल्व्हियोचा आवाज आला, "उंची सांग तुझी."