एका पानाची यादी

माझ्या ऑफिसचं मला विचारायचं नाही, हे मी घरी इतक्यांदा बजावलं होतं की आई कधीकधी माझी नक्कल करायची. दिल्लीत तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची काही परदेशी व्यापाराच्या कामात. बाहेरून काय येऊ द्यायचं आणि काय अडवायचं, हे तिथे ठरायचं. ठरवायचे मोठे लोक, आम्ही फायली चालवायचो. पण फाईल चालवणाऱ्याच्या हातात केवढं असतं, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

सीमेवर तणाव होता. बातम्यांत रोज चीन, आणि आमच्या मजल्यावर दिवसभर दारं बंद. लढाई कुणालाच नको होती, म्हणून व्यापारात नाक दाबायचं ठरलं. त्यांच्या ज्या मालावाचून आपलं अडत नाही, तो परवान्याशिवाय आत येऊ द्यायचा नाही. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर धुरकं इतकं की समोरची इमारत दिसत नव्हती, आणि मी आत बसून खेळणी, टॉर्च, इअरफोन असं लिहीत होते. खरं सांगते, मला चेव चढला होता. आपण इथे बसून एवढ्या बलाढ्य देशाला हिसका दाखवतोय, असं वाटायचं.

माझा धाकटा भाऊ आईसोबत गाझियाबादला राहायचा आणि तिथेच कानाची मशीनं बनवायचा. दोन खोल्यांचा कारखाना आणि कामाला आठ बायका. आईला ऐकू येईनासं झालं, बाजारातलं मशीन सारखं बिघडायला लागलं, तेव्हा या पठ्ठ्यानं चांगली नोकरी सोडून हा खटाटोप सुरू केला. मी तेव्हा त्याला येडा म्हटलं होतं. बाकी सगळं तो इथेच जमवायचा, फक्त आतला तांदळाच्या दाण्याएवढा स्पीकर चीनहून यायचा. तो इथे कुणीच बनवत नव्हतं. स्पीकर थांबला की कारखाना थांबला, इतकं ते सरळ होतं.

महिन्यातून एकदा आम्ही दोघं कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये जेवायला भेटायचो. त्या दिवशी तो नीट जेवतच नव्हता.

“ताई, एक विचारू? रागावू नकोस. बाजारात कुजबुज आहे. वर्षभराचे स्पीकर आत्ताच भरून ठेवू, की नेहमीसारखे महिन्याच्या महिन्याला मागवू?”

नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मला कसंतरीच झालं. यादी मला तोंडपाठ होती. त्याचा स्पीकर तीत नव्हता, मी स्वतः दोनदा बघितलं होतं.

“नेहमीसारखेच मागव,” मी म्हणाले. “आणि परत विचारलंस तर याद राख.”

“बिल्कुल नाही,” तो हसला आणि माझ्या ताटातला बटाटेवडा उचलून खाल्ला.

दोनच दिवसांनी साहेबांनी बोलावलं. यादी साडेतीन पानांची झाली होती. “मॅडम, एक पेज में दीजिए,” ते म्हणाले. “दूसरा पन्ना ऊपर कोई नहीं पढ़ता.” हे अगदी खरं होतं. आमच्याकडे दुसऱ्या पानावर गेलेली गोष्ट फाईलमध्ये असून नसल्यासारखी. एका पानात बसवण्यात माझा हातखंडा होता आणि मला त्याचा माज होता.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आठ आकड्यांचा कोड असतो. पहिले चार आकडे म्हणजे आडनाव समजा, आणि आठही धरले की नेमका माणूस. जागा वाचवायची तर शेपटं छाटायची आणि चारच आकडे ठेवायचे, ही आमच्याकडची जुनी सवय. जेवणाच्या सुट्टीपूर्वी मी यादी एका पानात बसवली. इअरफोनचे शेवटचे चार आकडे उडवले आणि त्या आडनावाचं सगळं घराणंच आत गेलं. माइक गेले, मोठे स्पीकर गेले, तांदळाएवढेही गेले. साहेबांनी “वाह” म्हटलं आणि मी खुशीत चहा प्यायले.

हुकूम निघाला त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. त्याचा माल बंदरात अडकला होता.

“ताई, अडवायचे होते इअरफोन. माझा स्पीकर त्यात कसा गेला गं?”

कसा गेला ते मला त्याच क्षणी कळलं होतं. “बघते,” एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

दुरुस्तीची टिप्पणी लिहायची, तर त्यात नातं जाहीर करावं लागणार. हा कारखाना माझ्या भावाचा, हे लिहायचं. मग कुणीतरी विचारणार, मॅडम, यादी निघण्याआधी तुमचं त्यांच्याशी काही बोलणं झालं होतं का? लाज वाटते सांगायला, पण मी तीन आठवडे काहीही केलं नाही. रोज ठरवायचे, रोज कच खायचे. भावाचे फोन येत होते, मग तेही कमी झाले. भित्री कुठली!

शेवटी लिहिलं. नातं जाहीर केलं, गेस्ट हाउसमधलं बोलणं मात्र गिळलं. आश्चर्य म्हणजे कुणी काही विचारलंच नाही. दोन ओळींची दुरुस्ती निघाली आणि बारीक स्पीकर मोकळे झाले. भावाचा अडकलेला माल तोवर परत पाठवला गेला होता, पण आता नवा मागवता आला असता. त्याला सांगायला मी फोन उचलला, तोच पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी बातमी वाचून दाखवली. चीननं उत्तर दिलं होतं. आता त्यांनीही यादी काढली होती, त्यांच्याकडून आपल्याकडे काय येऊ द्यायचं नाही त्याची. तिच्यात ते स्पीकर होते. तिथेही कुणीतरी माझ्यासारखंच बसून लिहिलं असणार. आपण दार उघडलं आणि त्यांनी पलीकडून कडी घातली.

त्या रविवारी मी गाझियाबादला गेले. आठही बायकांना त्यानं कामावरून कमी केलं होतं. भाऊ हत्यारं खोक्यात भरत होता. आई खिडकीपाशी बसली होती, कानात त्यानंच बनवलेलं मशीन.

“तुझ्या ऑफिसातल्या कुठल्या गाढवानं केलं गं हे?” त्यानं विचारलं.

“मी.”

मग सगळं सांगितलं. साडेतीन पानं, साहेब, छाटलेले आकडे, ते तीन आठवडे. तो खोक्यावर हात ठेवून ऐकत राहिला.

“आणि मला म्हणालीस नेहमीसारखे मागव.”

“हो रे.”

“एका पानासाठी, ताई?”

आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं कानातलं मशीन काढलं आणि हळूच त्याच्या डबीत ठेवलं.

“आता दुसरं मिळायचं नाही,” ती भावाकडे बघून म्हणाली. “जपून वापरायला हवं.”

तेव्हापासून मी गाझियाबादला गेले की ते मशीन डबीतच असतं.