उन्हाकडे फिरवलेली दारं

मी वामनला फसवलं. त्याने मला नाही, सरांनीही मला नाही — मी त्याला. इतकी वर्षं, त्या दोघांनी मला डावललं, असं मी उलटं सांगत आलो. खरं काय ते आज पहिल्यांदा सांगतो.

मी अकोल्यात मोडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या विकून शिकलो. घासाघिशीत मला कोणी हरवलं नव्हतं. अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी घररचना हा ऐच्छिक विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत आधी नाव मी दिलं, माझ्यामागून वर्गातल्या वामननं. काय दिवस होते — सायकलींवर वस्त्या पालथ्या घालायच्या, कोणाच्याही ओट्यावर बसायचं, बायांना विचारायचं, चूल कुठं हवी? आपण गावंच्या गावं नवी मांडू असं वाटायचं.

आणि एकदा भर वर्गात हा विषय शिकवणारे सर मला म्हणाले, "तुला दार कळतं. घर वामनला कळतं."

दारं विकून वर आलेल्या पोराला असं बोलतात? आजही डोकं तापतं.

वर्षाच्या शेवटी अकोल्याच्या कडेच्या एका वस्तीसाठी घरं मांडायची होती. नगरपालिकेची माणसं येऊन पाहणार, पसंत पडेल ती मांडणी खरोखर बांधणार. वामनची आई त्याच वस्तीत राहायची. त्याने दारं उगवतीला ठेवली. मी मावळतीला ठेवली — तिकडे मोठा रस्ता, रस्त्यावरून रांग देखणी दिसते.

सरांची एक रीत होती. मॉडेलवर नुसती घरं, रस्ता नाही, दिशेचा बाण नाही. मॉडेल खऱ्या दिशांना धरून टेबलावर ठेवायचं आणि दुपारी पश्चिमेची खिडकी उघडायची. ऊन कुठं शिरतं, ते पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहायचं.

पाहुणे यायच्या आधी सगळे फाटकाकडे धावले. मी मागे राहिलो. आणि वामनचं मॉडेल मी अर्धं फिरवलं; उगवतीची दारं मावळतीला. किती हलकं होतं ते.

खिडकी उघडली. "दुपारी दारात सावली राहील," वामन सांगत होता, आणि ऊन त्याच्या प्रत्येक दारातून सरळ आत. कोणीतरी हसलं. ऊन दोन्हीकडे सारखंच, मग देखणी ती घ्या, असं पाहुणे म्हणाले.

वामनला माझा संशयही आला नाही. बाहेर मला म्हणाला, "माह्याच हातून घरं उलटी चिकटली बे." तो भांडला असता तर मी बोललो असतो का? नसतो. त्यानं पुढं कालव्यांची नोकरी धरली. घराचा आराखडा पुन्हा काढला नाही.

वस्ती माझ्या मांडणीनं उभी राहिली. एकदा भर उन्हाळ्यात मी तिथं गेलो. वामनची आई दाराला ओलं तरट बांधत होती.

"ये बापू. दुपारच्याले दारात उभं राहवत नाही, पाह्य. कोन्या शायन्यानं मांडली असतीन ही घरं?"

"सरकारी काम असते, मावशी."

"माहा वामन सांगे, दार उगवतीले पाह्यजे. पन त्याचंच उलटं निंगालं म्हने."

मी तरटाचं दुसरं टोक धरलं, गाठ मारली आणि निघालो.

मावशी, तुमच्या प्रश्नाचा जाब कोणीतरी द्यायला हवा. सरांनी नाही, नगरपालिकेनं नाही, वामननं तर नाहीच. ती घरं मी मांडली. मला ऊन कुठून येतं ते माहीत होतं.