शेजारप्रीतीचा होमवर्क

रविवारची उपासना संपली की आमच्या मंडळीत चहा होतो, आणि चहाबरोबर किस्से निघतात. कडावातली आम्ही मोजकी ख्रिस्ती घरं, उपासना मार्थामावशीच्या पडवीत. कर्जतहून मोटारसायकलवर येणारे आमचे पाळकसाहेब दर आठवड्याला होमवर्क देतात, "शेजाऱ्यावर प्रीती करा आणि पुढच्या रविवारी रिपोर्ट द्या!" प्रीती किती झाली ते देव जाणे, किस्से मात्र ढीगभर साठलेत. मी जात्याच संशयी, त्यामुळे ते मला जरा जास्तच लक्षात राहतात.

*

आमच्यातल्याच शांतवनभाऊंच्या शेजाऱ्याच्या खाचराचा बांध पावसात फुटला. भाऊंनी कुणाला न सांगता सकाळीच जाऊन तो बांधून दिला. आता आमच्याकडं फार्महाऊसवाल्यांनी जमिनीचे भाव असे चढवलेत, की दुसऱ्याच्या बांधाला हात लावणारा माणूस सरळ असूच शकत नाही!

शेजारी धावत आला, "काय रं शांतवन, बांध कुटवर सरकवलास?" आणि थेट सरकारी मोजणीच मागवली.

मोजणीत निघालं, की भाऊंचीच जागा त्याच्या खाचरात गेलीय! शेजाऱ्यानं मोजणीचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "पुढल्या येळेला प्रीती जरा इचारून करीत जा रं."

*

नाताळला मार्थामावशी भिंतीपलीकडच्या तात्यांकडं करंज्या घेऊन गेली. तात्यांचा गावात शब्द चालतो. त्यांनी ताट उजेडात नेऊन पाहिलं.

"याच्यावर प्रार्थना केलीस काय गं?"

"केली की!"

"काय म्हनून?"

"तेलात फुटू नये म्हनून!"

तात्यांनी एक करंजी उचलून उलटीपालटी करून पाहिली. फुटलेली नव्हती. त्यांचा संशय आणखीच वाढला.

*

संशय काही एकतर्फी नाही हं! एकदा एक अनोळखी माणूस उपासनेला मागं येऊन बसला. गात नव्हता, डोळे मिटत नव्हता, सारखा वर छताकडं बघत होता. आम्ही सगळे सावध. पाळकसाहेब म्हणाले, "नव्या भावाला सलाम करा," तर सगळ्यांनी तो लांबूनच केला. शांतवनभाऊंनी तर त्याच्या चपलांचा फोटो काढून ठेवला!

शेवटी मीच विचारलं, "आपण कोण?"

"वायरमन. पंखा बघायला बोलवलंत ना? तुमचं सरायची वाट बघतोय."

त्यानं पंखा सुरू करून दिला. त्याच्याकडं वर मान करून बघायची आमची कुणाची छाती झाली नाही.

*

उन्हाळ्यात तात्यांची बायको, सगुणाकाकी, अंथरुणाला खिळली. मावशी रोज पेज घेऊन जायला लागली. तात्या दारातच आडवे.

"आदी तू खा!"

मावशी दोन घास खायची, मगच वाटी आत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रविवारी पाळकसाहेबांनी रिपोर्ट विचारला, तर मावशी म्हणाली, "काकीला बरं वाटतंय का ते ठावं नाय, माजं वजन वाढलं!"

सगळे हसले. मला मात्र तात्यांचा खरंच राग आला होता.

*

त्यानंतर तात्या रविवारी पडवीच्या खिडकीशी येऊन उभे राहायला लागले. तोंड वाकडं, हातात मोबाईल. गाणं सुरू झालं की मोबाईल वर! माझी खात्रीच पटली, हा माणूस पुरावा गोळा करतोय. यांनी एक तक्रार केली की पडवीतली उपासना बंद, आणि आम्हाला दुसरी जागा गावात कोण देणार? मावशी रडकुंडीला आली. "प्रभूला माज्या घरातनं भायेर काडतील काय रं हे?"

मग मीच सुचवलं, आवाजच नको. ढोलकी माळ्यावर गेली. गाणी ओठातल्या ओठात. पाळकसाहेबांचं प्रवचनसुद्धा कुजबुजत! आमेन म्हणायचं तर एकमेकांच्या कानात.

आणि इतकं करूनही व्हायचं ते झालंच. एका रविवारी गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष तात्यांना घेऊन पडवीत हजर.

"तुमच्याविरुद्ध तक्रार हाय. आवाजाची."

मावशी पुढं झाली. "आवाज कुटं हाय, साहेब? आमी तर ओठातल्या ओठात म्हनतो!"

"तीच तक्रार हाय."

 तात्या आमच्याकडं न बघता आपल्या घराच्या, सगुणाकाकीच्या अंथरुणालगतच्या उघड्या खिडकीकडं बघत उभे होते. पाळकसाहेबांनी जपून विचारलं, "तात्या, आपल्याला कुठलं गीत आवडतं?"

"मला एक बी नाय आवडत," तात्या खेकसले. "मोठ्यानं म्हना!"