आक्षेपवाले भावोजी

जगात अशी एकही गोष्ट नसेल, जिच्यावर आमच्या शेजारच्या भावोजींनी आक्षेप घेतलेला नाही. टोकियोजवळच्या ग्योतोकुत आमच्या दाराला दार लागून राहणारे हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, त्यामुळे हा गुण जपाननं लावला असं काही म्हणता येणार नाही. कचऱ्याची पिशवी पारदर्शकच का, गाडीला मिनिटभर उशीर झाला तर एवढी माफी कशाला, माझ्या साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा कमी का. सगळ्याला वाक्य एकच. "वहिनी, माझा आक्षेप आहे. तेवढा नोंदवून घ्या." मी मान डोलावते. पुढे काही होत नाही, आणि व्हावं अशी त्यांची अपेक्षाही नसते.

त्यांना तोडीस तोड भेटल्या त्या त्यांच्या सासूबाई. भावोजींची बायको चिनी, तोयोसुच्या ऑफिसात जमलेलं लग्न. सासूबाई मागे एकदा उन्हाळ्यात आल्या, तेव्हा जावई-सासू रोज भांडायचे. त्या चिनीतून, हे मराठीतून. भावोजींनी पाण्यात बर्फ टाकला की सासूबाई तो ग्लास बेसिनमध्ये ओतून गरम पाणी समोर ठेवायच्या. "ही बाई ऐकतच नाही हो!" हे सांगताना भावोजींचा चेहरा मात्र खुललेला असायचा.

यंदा त्या लेकीच्या बाळंतपणाला येणार होत्या. तेवढ्यात कोरोनामुळे चीनहून येणाऱ्यांवर जपानचे नवे निर्बंध आले आणि त्यांचा व्हिसा अडकला. चीननं तीव्र आक्षेप नोंदवल्याची बातमी लागली, तसे भावोजी धावतच आले. "बघा वहिनी, आता सरकारी पातळीवर!" मग जपाननं त्या आक्षेपावर आक्षेप घेतला. मग चीननं जपानी लोकांचे व्हिसा थांबवले. भावोजी आमच्या खुर्चीत मटकन बसले. "हे तर माझ्यासारखंच करतायत हो. म्हणजे काही होणार नाही."

आणि खरंच काही झालं नाही. मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तर बाळंतीण भिंतीकडे तोंड करून आवाज न करता रडत होती. आई लागते तिथं लाडू काय करणार? मला फार वाईट वाटलं.

काल दुपारी मी तिथं असतानाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाळ भावोजींच्या मांडीवर होतं. सासूबाई एकदम ओरडायलाच लागल्या. शब्द कळले नाहीत, पण बोट बाळाच्या उघड्या डोक्याकडे होतं. आता हे आक्षेप घेणार, म्हणून मी वाट बघत राहिले. भावोजी मुकाट्यानं उठले, टोपडं आणून बांधलं आणि बाळाला फोनजवळ धरलं. गाठ जरा घट्ट बसली असावी. ती सैल करायला सासूबाईंनी पलीकडून हात पुढे केला, आणि स्क्रीनभर नुसता त्यांचा तळवा दिसत राहिला. भावोजींनी फोन तसाच धरून ठेवला.