न हलणारा स्टँड

आमच्या हॉलमध्ये खिडकीपाशी कीबोर्डचा एक लोखंडी स्टँड आहे. चार पाय, मध्ये आडवी पट्टी, पायांखाली रबराचे जाड तुकडे. मागच्या दिवाळीला माझा नवरा पंखा पुसायला सरळ त्याच्यावर पाय देऊन चढला, तरी स्टँडनं हूं की चूं केलं नाही. नवऱ्याला मी खाली उतरवलं आणि नको तेवढं बोलले. बोलणं हा माझा जुना रोग आहे. हा स्टँड घरात आला तोही त्या रोगापायीच.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन चेन्नईत आले त्याला चोवीस वर्षं झाली. नवरा तेव्हा पुण्यात माझ्याच ऑफिसात होता. आडनाव मराठी, बोलणं मराठी, म्हणून माझ्या घरच्यांनी फार खळखळ केली नाही. इथे आल्यावर कळलं की ह्यांची मराठी तंजावरची, कित्येक पिढ्यांमागे दक्षिणेत उतरलेली. सासरे ‘तें’, ‘आतां’ असं नाकात बोलायचे आणि वाक्य संपवताना तमिळ हेल काढायचे. पहिलं वर्षभर ते बोलायला लागले की मला कोणी पोथी वाचतंय असंच वाटायचं. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही म्हणायला लागले. ते मला ‘अम्मा’ म्हणायचे. नावानं त्यांनी मला कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

अप्पा चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरात सरकारी कारखान्यात नोकरीला होते. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. निवृत्त झाल्यावर अप्पा क्वार्टर सोडून अण्णा नगरला आमच्याकडे आले, ते दोन ट्रंका आणि एक बाजाची पेटी घेऊन. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे भजन असायचं. चार-पाच म्हातारे, सगळे तंजावरकडचे, सतरंजीवर बसायचे. अप्पा पेटी वाजवत गायचे, बाकीचे मागून म्हणायचे. मी शाळेत हिंदी शिकवते. आठवडाभर मुलांच्या वह्या तपासून जीव मेटाकुटीला आलेला असायचा, त्यात शनिवारी ह्या सगळ्यांसाठी हरभऱ्याचं सुंडल आणि फिल्टर कॉफी. सगळी भजनं मी स्वयंपाकघरातून ऐकली. अप्पांचा आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो, सगळं मला पाठ होतं. पण ते वाजवतात कसे, हे मी इतक्या वर्षांत एकदाही समोर बसून पाहिलं नाही.

मग अप्पांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केली. पेटीही तोवर थकली होती. खाऱ्या हवेनं तिचे अर्धे सूर बसले होते, भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं हात टेकले. आमची मुलगी शिकायला बंगळूरला गेल्यापासून तिचा कीबोर्ड कपाटावर पडून होता. मीच म्हटलं की अप्पांनी खुर्चीवर बसून तो वाजवावा, म्हणजे गुडघ्यांचीही सोय होईल आणि भजनाचीही. अप्पा ‘सरी’ म्हणाले, म्हणजे ठीक. पेटी मी भंगारवाल्याला दिली. तो ती घेऊन निघाला तेव्हा अप्पा काठी टेकत लिफ्टपर्यंत तिच्याबरोबर गेले.

राहिला स्टँड. जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला की अप्पांचे खांदे कानाला लागायचे. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सकाळी सहाला कंपनीची बस, परत येतो तो दिवेलागण उलटल्यावर. त्याला फोनवरून उंटावरून शेळ्या हाकण्याखेरीज काही करता येत नाही. म्हणून दुकानात मी गेले. दुकानदारानं विचारलं, वाजवणार कोण? मी म्हटलं, म्हातारे आहेत, सावकाश भजनं वाजवतात, हात हलका आहे. तो म्हणाला, मग हा पुरे. दोन नळ्या एकमेकींवर फुली मारलेल्या, मिटला की कपाटामागे सरकणारा. त्याचं ते मिटणं मला फार आवडलं. हॉलमध्ये कायमचा पसारा मला खपत नाही. हात हलका आहे हे मी कशाच्या जोरावर सांगितलं, देव जाणे.

त्याच संध्याकाळी अप्पा कीबोर्डपाशी बसले. उजवा हात लगेच रुळला. डावा हात मात्र उचलला गेला आणि कीबोर्डच्या मागच्या कडेला जाऊन बसला. तिथे भाता नव्हता, नुसतं प्लास्टिक होतं. तरी तो हात भाता मारावा तसा कड जवळ ओढत होता आणि सोडत होता. प्रत्येक ओढीला स्टँड डुलायचा आणि कीबोर्ड बोटभर पुढे सरकायचा. मला हसू आलं. मी म्हटलं, अप्पा, ह्याला वारा लागत नाही, हा विजेवर चालतो.

तेही हसले. “हात ऐकत नाही, अम्मा,” ते म्हणाले. “पन्नास वर्षें तेंच करत आलों.”

त्यांनी हात मांडीवर घेतला. दोन ओळी झाल्या आणि तो पुन्हा मागे गेला.

शनिवारी सगळे जमले. अप्पा खुर्चीवर, बाकीचे खाली. मी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले तर स्टँड जोरात झोके घेत होता, आणि कीबोर्ड आता पडतो की मग पडतो अशी अवस्था. दिवसभराचा शीण, वर मुलीची महागाची वस्तू. मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, “अप्पा, तो हात थांबवा आधी. किती वेळा सांगायचं?” आणि मग सगळ्यांकडे बघून, गंमत म्हणून, पुढे जोडलं, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, ते हेच.”

कोणी हसलं नाही. ही म्हण त्यांच्याकडे नसेल, पण शब्द तर सगळे मराठीच होते. अप्पांनी डावा हात उचलला आणि मांडीखाली दाबून ठेवला. माझ्या वर्गातली मुलं शिक्षा म्हणून असंच हातावर बसतात. मग त्यांनी गायला सुरुवात केली. नेहमीचाच अभंग, पण आवाज भलत्याच ठिकाणी तुटायला लागला. दुसऱ्या कडव्यात शब्दाच्या मध्येच त्यांचा दम संपला. ते थांबले, आणि सगळ्यांनी कॉफी घेतली.

पुढच्या शनिवारी भजन दुसऱ्यांच्या घरी झालं. अप्पा गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले, त्यानंतर घसा. मी मनात म्हटलं, म्हातारपणाचे रुसवे, चार दिवसांत उतरतील. महिना गेला, रुसवा उतरला नाही, कारण तो रुसवा नव्हताच. ते माझ्याशी पहिल्याइतकंच बोलत होते. दुपारी शाळेतून आल्यावर माझी कॉफीही तेच करून ठेवायचे. फक्त गात नव्हते. घरात शनिवार आला की मला स्वयंपाकघरात उभं राहवत नसे.

त्यांचे एक मित्र भजनाला मृदंग वाजवायचे. शाळामास्तर होते, माझ्याच जातकुळीचे. ते एकदा अप्पांना भेटायला आले आणि निघताना दारात माझ्याशी हळू आवाजात बोलले.

“रागें भरू नकोस अम्मा,” ते म्हणाले. “भाता सुटला कीं तुझा सासरा श्वास घेतो. तो हात बंद केला तर श्वास कुठें घ्यावा तें त्याला कळत नाही.”

मी दार लावलं आणि तिथेच पायपुसण्यावर उभी राहिले. इतकी वर्षं मी जे थांबणं स्वयंपाकघरातून ऐकत होते, ते त्या हाताचं होतं. तो मी चारचौघांत बंद करवला होता, आणि वर म्हण ऐकवली होती. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी कामाला लागते. माफी मागणं कठीण, स्टँड आणणं सोपं. पुढच्या सुट्टीत मी चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानात एक कीबोर्ड स्टँडवर ठेवायला लावायचा, समोर खुर्ची घेऊन बसायचं आणि डाव्या हातानं मागची कड धरून ओढायची. दुहेरी फुलीचा स्टँडही डुलला. बाजूनं बघितलं तर वाकलेल्या गुडघ्यासारखा दिसणारा एक होता, तो डुलत नव्हता पण अंगावर येत होता. एका दुकानदारानं मला विनवलं की मॅडम, असं कोणी वाजवत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे वाजवतात. हे वाक्य मी पहिल्या दुकानात म्हणायला हवं होतं.

शेवटी हा सापडला, टेबलासारखा. दोन्ही हातांनी ओढला तरी जागचा हलेना. तो मिटत नव्हता, हॉलची एक बाजू कायमची खाणार होता. मी तो मागवला. यायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत मी अप्पांना काही सांगितलं नाही. एकदम समोर ठेवायचा आणि म्हणायचं, आता हवा तेवढा भाता मारा, असं मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी नवऱ्यानं पाना घेऊन स्टँड जोडला. एक बोल्ट उरलाच, तो अजून फ्रिजवर आहे. अप्पा येऊन बसले, कीबोर्डवरून हात फिरवला, खाली वाकून स्टँडचे पाय बघितले. मी म्हटलं, अप्पा, वाजवा, हा हलत नाही.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मांडीवर पालथा. पूर्ण एक कडवं झालं, हात जागचा उठला नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेत पास झालेल्या माणसाचा चेहरा होता.

“पाहा अम्मा,” ते म्हणाले. “हात आतां उगा, निमूट बसतो.”

मग कळलं, मी शाळेत शिकवायला गेले की ते रोज दुपारी बसत होते, त्या जुन्या डुलणाऱ्या स्टँडपाशी. सुरुवातीला पंच्यानं हात खुर्चीला बांधून, मग सुटा. दोन महिने त्यांनी हेच केलं होतं, मला त्रास नको म्हणून. मी म्हटलं, अप्पा, गाऊन बघा. ते गायले. शब्द पुन्हा मध्येच तुटला. मी उठून त्यांचा डावा हात धरला आणि मागच्या कडेवर नेऊन ठेवला. म्हटलं, ओढा, कितीही ओढा, पडत नाही. हात तिथे थोडा वेळ राहिला. बोटं कडेवर होती, पण ती काही करत नव्हती.

“नको अम्मा,” ते म्हणाले. “आतां तें येत नाही.”

नवरा म्हणाला, नवी पेटी घेऊ, ह्याच स्टँडवर ठेवू. अप्पांनी मान हलवली. एवढा भारी स्टँड आणलात, तेवढं पुरे, म्हणाले. त्यानंतर ते रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं कीबोर्ड वाजवायचे, नुसते सूर, मला बरं वाटावं म्हणून. स्टँड अजिबात हलत नसे. मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिले.

पुढच्याच वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. मी नवऱ्याला फोन केला, पण तो पोचेपर्यंत दुपारी मी एकटी त्यांच्यापाशी होते. उजव्या हाताला सलाइन, तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. आणि डावा हात पलंगाच्या कठड्याला धरून ओढत होता, सोडत होता. नर्स आली. तमिळमध्ये म्हणाली की पेशंट अस्वस्थ आहेत, ह्या हातानं नळी उपसतील, बँडेजनं बांधून ठेवू का?

मी त्या हाताकडे बघितलं. ओढणं सारख्या अंतरानं होत होतं आणि दोन ओळींनंतर जरा लांबत होतं. ते लांबणं मला ओळखता आलं.

“बांधू नका,” मी म्हटलं. “मी बसलेय इथे.”

ती गेली. कठडा लोखंडी होता, जागचा हलत नव्हता, आणि ओढून ओढून अप्पांची बोटं त्याच्यावरून निसटत होती. दुकानादुकानांत मी जे शोधलं होतं तेच ते, न हलणारं. मी कठडा खाली केला आणि माझा तळवा त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी ओढला की मी तो जवळ येऊ द्यायची, त्यांनी सोडला की मागे घ्यायची. थोड्या वेळानं त्यांचा श्वास त्या हाताबरोबर पडायला लागला. हात सुटला की आत, ओढला की बाहेर. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, “अप्पा, हात थांबवू नका.”

त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. किती कडवी झाली तेही मी मोजलं नाही. नवरा कारखान्यातून थेट तिथे पोचला तेव्हा अप्पांना जाऊन अर्धा तास झाला होता, आणि मी तळवा तसाच पुढे धरून बसले होते.