बाबांचे दुपारचे बांगडे

दुपारी जेवून उठले की बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडकायचे. अंग पुढे झुकलेलं आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पार्किन्सन्सचं निदान होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हे अडकणं नवं होतं.

"बाबा, चला ना," मी म्हणायचे.

"मला काय सांगतेस? पायांना सांग गो."

गोळी वेळेवर देऊनही दुपारी तिचा गुण येईना. शेवटी आंबा घाट चढून कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावलं, की मेंदूत खोलवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. मनात आल्याबरोबर पाऊल उचललं जातं ते त्यांच्या जिवावर. बाबांच्या हाताला कंप सुटला, तेव्हाच त्यांतल्या बऱ्याचशा मेल्या होत्या. गोळीचं मेंदूत जाऊन डोपामिन बनतं, पण मासे-डाळींतली प्रथिनं तिला आत शिरताना आडवी येतात. म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी द्यायची आणि मासे रात्री, जेव्हा फारसं चालायचं नसतं.

"मेलेल्या पेशी परत येतात का?" मी विचारलं.

"नाही."

बाबा म्हणजे जन्मभर मिरकरवाड्याच्या बंदरावरून स्वतः मासळी निवडून आणणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी दुधीची भाजी बघून त्यांनी ताट सरकवलं. "रात्रीपर्यंत ठेवलेला मासा काय खायचा?"

मी हट्टाने पथ्य पाळलं. बाबा दुपारचे फाटकापर्यंत चालून येऊ लागले. मला वाटलं, जमलं.

मग एकदा मी शाळेत शिकवून घरी आले, तर बाबा मागच्या दारात खांबाला धरून उभे. किती वेळ, कोण जाणे. बोटांना माशाच्या तिखल्याचा रस्सा लागलेला. शेजारच्या वहिनींनी मायेने बांगडे आणून दिले होते. त्यांना काय बोलणार? माझं डोकं मात्र फिरलं.

"ठाऊक असून का खाल्लेत?"

"वास यायचं तर कधीच गेलं माझं," ते खाली बघत म्हणाले. "काटा तेवढा जिभेला कळतो अजून."

मी ओल्या फडक्याने त्यांची बोटं खसाखसा पुसली.

आता मासे रात्रीच करते. जेवण झालं की बाबांना खुर्चीतून उठता येत नाही. मी काखेत हात घालून ओढते, ते ताठच. मग खरकटे हात वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहतो, एकमेकांवर चिडलेले.